वाडा, दफ्तर आणि विजेची तार : करवीरच्या जुन्या घरांतील विद्युन्मंडलांच्या आंखणीविषयीं

(१) जुने कागद कोठें सांपडतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. माळ्यावरची पेटी, भिंतींतलें फडताळ, देवघरामागचा कोनाडा आणि कडीपाटाखालीं बसविलेली फळी, हीं चार ठिकाणें धुंडाळल्यावांचून कोणत्याहि वाड्याचा शोध पुरा होत नाहीं. कै. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हांपासून संशोधकांच्या कित्येक पिढ्या याच ठिकाणीं हात घालीत आल्या आहेत. रुमाल सोडतांना आपण वाळवी पाहतों, कसर पाहतों, ओल पाहतों. परंतु त्याच वेळीं मान वर केली तर पुष्कळदां असें दिसतें कीं, रुमालांच्या वीतभर वरून, तुळईच्या कडेनें, काळी पडलेली एक विजेची तार गेलेली आहे. ती कोणत्या बोर्डावरून निघाली, कोणत्या फ्यूजच्या ताब्यांत आहे, पुढें कोठें जाते, हें घरधन्यास विचारलें तर बहुधा त्यासहि सांगतां येत नाहीं.

या लेखांत आम्हांस सांगावयाचें तें एवढेंच कीं, घरांतील विजेच्या तारांची आंखणी हा त्या घराचा एक कागद आहे. नवीन आंखणी असेल तर ती लिहून ठेविली पाहिजे; जुनी असेल तर ती वाचतां आली पाहिजे; आणि ज्या घरांत दफ्तर किंवा पोथ्या आहेत, तेथें या कागदावांचून संग्रह सुरक्षित आहे असें कोणीं समजूं नये. विषय आमच्या त्रैमासिकास अपरिचित वाटेल. पण संग्रहाचें रक्षण हा संशोधनाचा पहिला भाग असल्यामुळें तो परका नाहीं.

(२) आगीनें महाराष्ट्राच्या इतिहासाचें किती नुकसान केलें याची यादी देण्याचें प्रयोजन नाहीं. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यास आग लागली व आंतील लांकडी इमारती भस्मसात झाल्या. आज उभे आहेत ते तट, दरवाजे आणि चौथरे. मे १८७९ मध्यें बुधवारवाडा जळाला व विश्रामबाग वाड्याच्या कांहीं भागासहि झळ पोहोंचली. हीं उदाहरणें विजेच्या पूर्वींचीं आहेत. आमच्या करवीरचें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत १९१५ सालीं पुरें झालेलें पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढें केशवराव भोसले यांच्या नांवानें प्रसिद्धीस आलेलें नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती होती. त्या आगीच्या कारणाचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. जुन्या लांकडाची इमारत एका रात्रींत किती जाऊं शकते, एवढाच त्यांतील बोध आम्ही घेतों. आमचे बहुतेक खासगी संग्रह असल्याच लांकडाखालीं आहेत.

(३) विजेच्या पूर्वीं घरांत अग्नि नव्हता असें नाहीं. उलट तो उघडा होता. समई, चिराखदान, दिवटी, मशाल, आणि नंतरच्या काळीं घासलेटाचा कंदील, या सर्वांत ज्योत प्रत्यक्ष जळत असे. कऱ्हाडाजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील आमच्या वाचकांपैकीं वृद्धांस आठवत असेल. त्याच्या उजेडांत मोडी वाचल्याचें ते सांगतील. परंतु त्या दिव्यांस एक राखणदार असे. सरदारांकडे मशालजी व दिवट्या हे नेमलेले चाकर असत. साध्या घरांत तें काम घरची बाई करी. दिवा लावणारा मनुष्यच तो मालवी, आणि मालविल्याशिवाय निजत नसे. ज्योत डोळ्यांसमोर असल्यामुळें भय कळत असे.

विजेनें ज्योत नाहींशी केली, पण ऊष्णता नाहींशी केली नाहीं. ती तारेंत गेली आणि तार पट्टीच्या आड गेली. दिवा मालविला तरी बटणापर्यंतची तार अहोरात्र सजीव राहते. तिला राखणदार फ्यूज. आणि त्या फ्यूजच्या ताब्यांत घराचा कोणता भाग आहे हें सांगणारा कागद म्हणजे मंडलांची आंखणी. एका फ्यूजपासून निघून कांहीं दिवे, पंखे किंवा यंत्रें यांस वीज देऊन परत येणारा जो मार्ग, त्यास कामगार 'सर्किट' म्हणतात. आम्ही त्यास मंडल म्हटलें आहे. घराची आंखणी करणें म्हणजे किती मंडलें करावयाचीं, प्रत्येकावर किती भार घालावयाचा, आणि कोणतें मंडल बंद पडलें असतां कोणतें चालू राहिलें पाहिजे, हें आधीं ठरविणें होय.

(४) या विद्येचा आरंभच आगीच्या भयांतून झाला. १८८२ सालीं लंडनच्या तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनें घरांतील तारांविषयीं आपले पहिले नियम छापले. त्यांच्या मथळ्यांतच विजेच्या दिव्यांपासून होणाऱ्या आगीचें निवारण हा हेतु सांगितलेला होता. त्याच सालीं मुंबईस क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले, पण तो पहिला उद्योग टिकला नाहीं. १८८७ सालीं हिंदुस्थान सरकारनें विजेपासून माणसांस व मालमत्तेस पोहोंचणारी इजा टाळण्याकरितां पहिला कायदा केला. १९०३ व १९१० सालीं तो नव्यानें झाला, आणि १९१० च्या कायद्याखालीं १९२२, १९३७ व १९५६ सालीं नियम झाले. २००३ सालीं १९१० चा कायदा जाऊन नवा आला. मुंबईस टाटांची खोपोलीची जलविद्युत् १९१५ सालीं पोहोंचली.

कोल्हापूरची हकीकत निराळी. हें संस्थान असल्यामुळें ब्रिटिश मुलखाचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत; १ मार्च १९४९ रोजीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां करवीरचीं घरें त्या कायद्याच्या कक्षेंत आलीं. भोगावतीवर राधानगरीचें धरण बांधण्याचें काम शाहू छत्रपतींनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हातीं घेतलें. १९२२ सालीं ते निवर्तले तेव्हां तें अपुरें होतें, व तें स्वातंत्र्यानंतर पुरें झालें. त्याच्या पायथ्याचें मूळ वीजगृह ४.८ मेगावॅट शक्तीचें होतें. कृत्रिम प्रकाशाची करामतहि या नगरीस लवकर साधली होती. बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'सिंहगड' या १९२३ च्या मूकपटांत रात्रीचे देखावे कृत्रिम दिव्यांवर घेतले, हें चित्रपटाच्या इतिहासांत नमूद आहे.

नियम झाले, वीज आली. परंतु कोणत्या घरांत कोणती तार कोठून नेली हें लिहून ठेवण्याची चाल मात्र पडली नाहीं. तें ज्ञान तारा ओढणाऱ्या कामगाराच्या डोक्यांत राहिलें आणि त्याच्याबरोबर गेलें. जमिनीचें, वतनाचें, पाण्याच्या पाळीचें टिपण ठेवणाऱ्या घराण्यांत विजेचें टिपण नसावें, ही नवलाची गोष्ट आहे.

(५) टिपण नसेल तेथें प्रत्यक्ष वस्तूवरून वाचावें लागतें. संशोधक जसा कागदाचा पोत, शाईचा रंग व अक्षराचें वळण पाहून काळ ठरवितो, तसाच तारांचाहि काळ ठरवितां येतो. आमच्या पेठांतील वाड्यांत बहुधा चार थर एकावर एक सांपडतात.

पहिला थर चिनी मातीच्या गुट्ट्यांवर ताणलेल्या, किंवा दोन खांचांच्या सागवानी पट्टींत बसवून वर झांकण ठोकलेल्या तारांचा. या पट्टीस केसिंग-कॅपिंग म्हणतात. आंतील तांब्यावर रबराचें वेष्टन व त्यावर सुताची वीण असते. दुसरा थर सपाट सागवानी पट्टीवर बारीक पत्र्याच्या क्लिपांनीं धरलेल्या, जाड रबरी आवरणाच्या तारांचा. तिसरा थर प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या, वेष्टनाचा; स्वातंत्र्योत्तर काळांत याचा प्रसार झाला, व १९६० नंतरच्या दशकांत तांब्याच्या टंचाईमुळें यांत ॲल्युमिनियमची तारहि पुष्कळ आली. चौथा थर भिंतींत गाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळींतून नेलेल्या तांब्याच्या तारांचा. जुन्या तारांचीं नांवें अजून कामगारांच्या तोंडीं आहेत : 'एक-अठरा', 'तीन-बावीस', 'सात-वीस'. यांतील पहिला आंकडा तांब्याच्या धाग्यांची संख्या व दुसरा त्यांच्या जाडीचा नंबर दाखवितो. तीन-बावीस म्हणजे बावीस नंबरचे तीन धागे, म्हणजे सुमारें १.२ चौरस मिलिमीटर तांबें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कागदावरील जलचिन्हावरून कागद त्यापूर्वींचा नाहीं एवढेंच सिद्ध होतें. लेख केव्हां लिहिला हें सिद्ध होत नाहीं. तारांचेंहि तसेंच. जुन्या केसिंगच्या पट्टींत मागाहून प्लॅस्टिकची तार ओढलेली असते, आणि नव्या नळींतून निघालेली तार माळ्यावर जाऊन जुन्या रबरी तारेस जोडलेली असते. धोका बहुधा या जोडांतच असतो. रबराचें वेष्टन तीस-चाळीस वर्षांत ताठर होतें व बोट लावतांच गळून पडतें. तांबें आणि ॲल्युमिनियम नुसतीं पिळून जोडलीं तर तो जोड कालांतरानें सैल पडून तापतो. म्हणून बाहेरच्या पट्टीवरून आंतल्या तारेचें वय ठरवूं नये.

(६) जुन्या बोर्डावर आणखी एक वाचण्यासारखी गोष्ट असते. पहिल्या काळीं फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांवर चिनी मातीचे फ्यूज बसवीत. पुढें न्यूट्रलवर फ्यूज बसविण्यास नियमानें मनाई झाली. कारण न्यूट्रलचा फ्यूज आधीं वितळला तर दिवा विझतो, पण तार सजीव राहते, आणि वीज गेली असें समजून हात घालणारा मनुष्य प्राणास मुकतो. एकाच मंडलावर दोन फ्यूज दिसले तर ती मांडणी जुनी आहे हें ओळखावें आणि जाणत्याकडून ती प्रथम बदलून घ्यावी.

भाराचा हिशेब तर कोणासहि करतां येईल. साठ वॅटचे दहा दिवे म्हणजे ६०० वॅट. २३० व्होल्टच्या दाबावर हा प्रवाह सुमारें २.६ अँपिअर होतो. जुन्या आंखणींत एका मंडलावर असाच भार धरलेला होता, व तीन-बावीस तार त्यास पुरेशी होती. आतां त्याच तारेवर २००० वॅटचा पाण्याचा बंब आणि १००० वॅटची इस्त्री लावली तर प्रवाह १३ अँपिअर, म्हणजे पांचपट होतो. तारेंत उत्पन्न होणारी ऊष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती पांचपट नव्हे तर पंचवीसपट होते. पांच अँपिअरच्या फ्यूजमध्यें सुमारें ०.२ मिलिमीटर जाडीची बारीक तार घालावयाची असते, ती अशा वेळीं वितळून मंडल तोडते. ती वारंवार वितळूं लागली म्हणजे कंटाळून तेथें जाड तार घालण्याची वाईट खोड पुष्कळ घरांत आहे. राखणदारास बांधून ठेवून तिजोरी उघडी टाकावी, असा हा प्रकार आहे. फ्यूज पुनःपुन्हां जात असेल तर दोष फ्यूजचा नसून आंखणीचा आहे, असें समजावें.

(७) आतां नवी आंखणी कशी करावी, हें एका कल्पित वाड्यावर दाखवितों. वाडा दुमजली, मध्यें चौक, खालीं सोपा, माजघर, स्वयंपाकघर व देवघर, वर दिवाणखाना, निजावयाच्या खोल्या व दफ्तराची खोली, त्यावर माळा. प्रचलित भारतीय संहितेप्रमाणें दिवे व पंखे यांच्या एका मंडलावर दहांहून अधिक पॉइंट अथवा ८०० वॅटहून अधिक भार असूं नये, आणि मोठ्या प्लगांच्या एका मंडलावर दोनांहून अधिक प्लग नसावे. या हिशेबानें आमच्या वाड्यास निदान सात मंडलें लागतील.

पहिलें खालच्या मजल्याचे दिवे-पंखे. दुसरें वरच्या मजल्याचे दिवे-पंखे. तिसरें स्वयंपाकघरांतील यंत्रें. चौथें पाण्याचा बंब एकटा. पांचवें विहिरीचा किंवा टांकीचा पंप. सहावें दफ्तराची खोली. सातवें जिना, चौक व देवघर यांचे दिवे, जे इतर सर्व बंद केले असतांहि चालू राहावे. दिव्यांच्या मंडलास १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार व ६ अँपिअरचा स्वयंचलित खटका पुरे. बंबास ४ चौरस मिलिमीटरची तार व १६ अँपिअरचा खटका असावा. खटका तारेचें रक्षण करतो. म्हणून तो तारेच्या शक्तीस अनुसरून निवडावा, लावावयाच्या यंत्रास अनुसरून नव्हे. याशिवाय सर्व घरावर ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारें यंत्र, ज्यास कामगार आरसीसीबी म्हणतात, तें बसवावें. परंतु तें अर्थिंगचें काम करीत नाहीं. अर्थिंगची तिसरी तार प्रत्येक प्लगापर्यंत गेली पाहिजे. जमिनींत पुरलेला तांब्याचा पत्रा व त्याभोंवतीं घातलेले कोळसा-मीठ यांस उन्हाळ्यांत पाणी घालण्याची आठवण ठेविली पाहिजे. आमच्या मुरमाड जमिनींत तें विसरलें तर पत्रा असून नसल्यासारखा होतो.

दफ्तराच्या खोलीस वेगळें मंडल कां, हें विशेष सांगितलें पाहिजे. त्या खोलीचा मुख्य खटका खोलीच्या बाहेर, दाराशेजारीं असावा, म्हणजे काम संपतांच बाहेर येऊन संपूर्ण खोली निर्वीज करतां येते. जुन्या काळीं दिवा मालवून दार लावीत, त्याचीच ही नवी रीत होय. दुसऱ्या खोलीकडे जाणारी कोणतीहि तार या खोलींतून नेऊं नये. कपाटाच्या वर किंवा पाठीमागें तारेचा जोड असूं नये. जोड करावाच लागला तर तो दिसेल अशा पेटींत करावा. तार उघड्या कडीपाटास न खिळतां नळींतून न्यावी. दिवा कपाटाच्या आंत बसवूं नये. संग्रहालयांत हस्तलिखितांवर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडूं देत नाहींत. तेवढा उजेड एलईडीच्या लहान दिव्यानें मिळतो व त्याची ऊष्णताहि थोडी असते. माळ्यावर कागद असतील तर तेथें कायमची तार न नेतां हातदिव्यानें काम भागवावें, असें आमचें मत आहे.

(८) कोल्हापूरास आगीइतकेंच भय पाण्याचें आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरलेली आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली. नदीकडील भागांतील संग्राहकांस त्या दिवसांत रुमाल उचलून वरच्या मजल्यावर न्यावे लागतात. खालचा व वरचा मजला एकाच मंडलावर असेल तर खालीं पाणी शिरतांच वरहि अंधार करावा लागतो, आणि अंधारांत दफ्तर हलविण्याचा प्रसंग येतो. पाणी चढल्यावर त्या भागाचा पुरवठाच बंद केला जातो हें खरें. परंतु त्यापूर्वींचे तास आणि पाणी ओसरल्यानंतरचे ओले दिवस, या दोन्ही वेळीं मजल्यांचीं मंडलें वेगळीं असणें उपयोगाचें आहे. म्हणून नदीकडील घरांत मीटर, मुख्य खटका व खालच्या मजल्याचे प्लग हीं २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर घ्यावींत. ती खूण भिंतीवर कोरून ठेवावी; पुढील संशोधकांस तीहि उपयोगी पडेल.

(९) शेवटीं या कागदाचें स्वरूप सांगतों. घराचा साधा नकाशा खणांच्या मापानें काढावा. प्रत्येक बोर्डास आंकडा द्यावा, प्रत्येक मंडल वेगळ्या रंगानें दाखवावें, तार कोणत्या भिंतींतून किंवा तुळईवरून गेली व जोड कोठें आहे हें लिहावें. खालीं तारेची जाडी, खटक्याचा आंकडा, काम करणाऱ्या परवानाधारक ठेकेदाराचें नांव, तारीख व घरधन्याची सही असावी. पुढें फेरफार होईल तेव्हां जुना लेख न खोडतां खालीं नवी नोंद करावी. खाडाखोड केलेल्या कागदाची किंमत काय असते हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. एक प्रत मुख्य बोर्डाच्या झांकणाच्या आंत, दुसरी दफ्तरांत व तिसरी घराबाहेर विश्वासू आप्ताकडे ठेवावी. कारण आग लागली असतां घरांतील प्रत हातीं येत नाहीं.

तसेंच, जुनी केसिंगची पट्टी काढून टाकण्यापूर्वीं ती आहे तशी नकाशांत उतरून घ्यावी व तिचा एक तुकडा तारेसह जपून ठेवावा. करवीरच्या कोणत्या पेठेंतील कोणत्या वाड्यास कोणत्या काळीं वीज आली, प्रथम दिवा कोठें लागला, दिवाणखान्यांत कीं देवघरांत, आणि माजघरापर्यंत तो पोहोंचण्यास किती वर्षें गेलीं, हा सामाजिक इतिहास त्या तारांत आहे. १८५० सालीं स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थांपासून खासगी वाड्यांपर्यंत सर्वत्र असे नकाशे झाले, तर पुढें ते जुळवून पाहतां येतील.

संग्रहाची यादी करणाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, रुमालाचा क्रमांक, विषय व काळ यांच्या पुढें एक रकाना वाढवावा : हा रुमाल कोणत्या खोलींत आहे, व ती खोली कोणत्या मंडलावर आहे. हा रकाना भरतांना जेथें लेखणी अडेल, तेथें यादी बाजूस ठेवून आधीं शिडी मागवावी व तार कोठून आली तें पाहावें. इत्यलम्.